हवेसाठी अ‍ॅप करताय? मग आधी मोजायचं काय ते ठरवा

गेल्या अंकात थंडीतल्या हवेवर लिहिताना मी ओघात सांगितलं होतं की आम्ही चार जणांनी पुण्यात एक मोबाईल अ‍ॅप केलं होतं, लोकांनी हवेसाठी रोजच्या सवयी बदलाव्यात म्हणून, आणि ते पहिल्या वर्षी सपशेल पडलं, दुसऱ्या वर्षी जरा उभं राहिलं. त्यावर इतके प्रश्न आले की मीच चकित झाले. विद्यार्थी आहेत, सोसायटीवाले आहेत, एक शाळकरी मुलगा पण आहे. सगळे घेता येणार नाहीत, पण जे बऱ्याच जणांनी विचारलेत ते घेतलेत. मी डिझाईनवाली आहे, हवेची शास्त्रज्ञ नाही, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेवढंच सांगते.

ताई, मी नाशिकला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हा चौघींचा प्रोजेक्ट आहे, हरित सवयी लावून हवा स्वच्छ करणारं अ‍ॅप. त्यात लाईव्ह एक्यूआय, कार्बन कॅल्क्युलेटर, झाडं लावा चॅलेंज, कारपूलिंग, वीजबचत, प्लास्टिकमुक्ती आणि पॉईंट्स असं सगळं घेतलंय. अजून काय टाकू?

अगं, अजून काही टाकू नकोस, आधी काढायला लाग. तुझी यादी वाचली आणि मला आमचं पहिलं व्हर्जन आठवलं, एकवीस फीचर होते त्यात, आणि लोक उघडायचे फक्त एक, आजचा एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा आकडा) किती. तो बघायचे, "बापरे" म्हणायचे आणि फोन खिशात.

पहिली गोष्ट म्हणजे कार्बन आणि आपल्या छातीत जाणारा धूर या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका. कार्बन डायऑक्साईडने पृथ्वी तापते, ते गंभीर आहेच, पण तुझ्या आजीला खोकला येतो तो पीएम २.५ मुळे, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे बारीक कण, शिवाय गाड्यांतून येणारे नायट्रोजनचे ऑक्साईड वगैरे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साईड होतो हे कॅल्क्युलेटर सांगेल, पण कण किती निघाले ते इंजिन किती जुनं, सर्व्हिसिंग कधी झालंय यावर ठरतं. आणि उलटं बघ, लाकडाच्या चुलीचा कार्बनचा हिशोब कागदावर बरा दिसतो, कारण झाड पुन्हा उगवतं, पण त्या चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या फुफ्फुसाला विचार. तुमचं अ‍ॅप कार्बनचं असेल तर तसं म्हणा, हवेचं असेल तर यादीतलं प्लास्टिक फक्त "जाळू नका" एवढ्यापुरतं राहील, आणि झाडं तर हवीतच, सावलीला हवीत, पण कुंडीतलं एक रोप गल्लीतला धूर पिऊन टाकेल असं लोकांना भासवू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोकांना त्यांच्या मेहनतीचं फळ म्हणून एक्यूआय दाखवू नका. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर जो आकडा दिसतो ना, तो कणांच्या बाबतीत २४ तासांच्या सरासरीवरून काढतात. आता समज एक जण सकाळी सायकलने ऑफिसला गेला, घाम गाळला, संध्याकाळी अ‍ॅप उघडलं तर आकडा कालच्यापेक्षा चाळीसने जास्त, कारण वारा पडला आणि थंडीमुळे वरच्या गरम हवेचं झाकण बसून धूर खालीच कोंडला. त्या माणसाला काय वाटेल? माझ्या सायकलने काय झालं? आणि खरंच काही झालेलं नसतं, त्या आकड्यात त्याचा वाटा दिसण्याइतका मोठा नसतोच. याच्या उलट फसवणूक पावसात होते. आम्ही अ‍ॅप जूनमध्ये आणलं, जुलैत शहराची हवा झकास झाली, आम्ही चौघं खूष, आलेख काढून सगळ्यांना दाखवत सुटलो. पावसाने धुतलेली हवा होती ती, आमचं कर्तृत्व शून्य. तुलना करायचीच तर या नोव्हेंबरची गेल्या नोव्हेंबरशी करायची, आणि तरीही सावध राहायचं.

मग मोजायचं काय? माणसाने काय केलं ते. एकच सवय घ्या, इतकी छोटी की ती केली की नाही हे त्याला स्वतःला झटकन सांगता येईल. दोन किलोमीटरच्या आतल्या कामाला गाडी काढली नाही. सिग्नलला किंवा कोणाची वाट बघत उभं असताना इंजिन बंद केलं. ओला-सुका वेगळा करून घंटागाडीतच दिला, कोपऱ्यावर टाकला नाही (कोपऱ्यावरचा ढीगच शेवटी पेटतो). पीयूसी संपायच्या आत काढलं. चौघी मिळून यातली एक निवडा आणि परीक्षकांनी "एवढंच?" विचारलं तर बिनधास्त हो म्हणा.

आमची ठाण्यातली २४० फ्लॅटची सोसायटी. अ‍ॅप करून घेतोय. पॉईंट्स, महिन्याला गिफ्ट व्हाउचर आणि लिफ्टमध्ये पहिल्या दहा घरांची यादी लावायची असं ठरतंय, पण कमिटीत दोन तट पडलेत. तुमचं मत काय?

काका, दुसऱ्या तटाचं ऐका असं म्हणेन. (दुसरा तट नको म्हणणारा आहे असं धरून चालते.)

व्हाउचरचं आम्ही करून बघितलंय. एका कॅफेवाल्याने दोन महिने कॉफीची कुपनं दिली, नोंदी धडाधड वाढल्या, तिसऱ्या महिन्यात कुपनं संपली आणि नोंदी आधी होत्या त्याच्याही खाली गेल्या. आधी जे लोक आपणहून चालत जायचे ते सुद्धा थांबले! तेव्हा मला कळेना, नंतर वाचनात आलं की हे जुनंच आहे. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीच्या मुलांवर प्रयोग केला होता. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. एक-दोन आठवड्यांनी बघितलं तर सर्टिफिकेटच्या बोलीवर काढणारी मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम एकदा मोबदल्याचं झालं की मोबदला गेल्यावर काम पण जातं.

आता लिफ्टमधली यादी. पहिले दहा कायम तेच राहतात, आमच्याकडे तर एक निवृत्त जोडपं होतं, दोघं रोज टेकडीवर जाणारे, त्यांना कोण हरवणार. उरलेल्या २३० घरांना ती यादी रोज वर-खाली करताना एकच सांगते की हा आपला खेळ नाही. शेजाऱ्यांशी तुलना उपयोगी पडते, नाही असं नाही, पण ती कशी करता यावर सगळं आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात सुमारे २९० घरांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये छापून आला. प्रत्येक दारावर कागद लावला, तुमची वीज इतकी, शेजारपाजारची सरासरी इतकी. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, छान. पण जे आधीच कमी वापरत होते त्यांनी वाढवला! म्हणजे आपण उगाच काटकसर करतोय असं वाटलं असणार. काही घरांच्या कागदावर मात्र पेनाने नुसता एक हसरा चेहरा पण काढला होता, शाबासकीचा, तिथे ही वाढ झाली नाही. एक हसरा चेहरा, फुकटचा. तुमच्या अ‍ॅपमध्ये तो ठेवा, यादी काढून टाका, आणि तुलना करायचीच तर विंगविंगची करा, ए विंगमधून या आठवड्यात किती जण स्टेशनला चालत किंवा शेअर रिक्षाने गेले, नावं न घेता.

बक्षीस सगळीकडे फसतं असंही नाही. चीनमधल्या अलीपे या पैसे द्यायच्या अ‍ॅपने २०१६ च्या ऑगस्टमध्ये 'अँट फॉरेस्ट' सुरू केलं. चालत गेलात, मेट्रोने गेलात, बिल ऑनलाईन भरलं की हिरवी ऊर्जा ग्रॅममध्ये जमा होते, मित्राची उचलून पळवता पण येते, आणि पुरेशी साठली की वाळवंटाच्या कडेला खरं झाड लावलं जातं. तिथल्या सॅक्सॉल नावाच्या झाडाला १७.९ किलो लागायची. २०१९ पर्यंत ५० कोटी लोक त्यात होते, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा पुरस्कार पण मिळाला त्यांना. पण यातून शिकायचं ते झाडाचं नाही असं मला वाटतं, शिकायचं हे की लोक ते पैसे द्यायचं अ‍ॅप रोज दहा वेळा उघडतच होते, त्यांना वेगळं काही उघडायला सांगितलंच नाही. तुमच्या सोसायटीत गेटपास आणि मेंटेनन्सचं अ‍ॅप असेलच ना, त्यातच एक बटण मिळतंय का बघा, नवीन अ‍ॅप करूच नका.

आणि एक विनंती. रोजची सलग मोजणी, एक दिवस चुकला की सगळं शून्यावर, हे कृपा करून ठेवू नका. लंडनमध्ये ९६ जणांवर सवयींचा अभ्यास झाला, सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस आला, पण कोणाला १८ लागले तर कोणाला २५४ असा हिशोब निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. सवय मोडत नाही हो एका दिवसाने, माणसाचा उत्साह मोडतो आपण शून्य दाखवलं की.

मी पिंपरीत डेव्हलपर आहे. हवेचा डेटा कुठून घ्यायचा? दोन-तीन हजारांचा सेन्सर लावून भागेल का?

सरकारी केंद्रांचा ताजा डेटा डेटा डॉट जीओव्ही डॉट इन वर एपीआयने (म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला थेट) मिळतो, केंद्रीय मंडळाचा. ओपनएक्यू पण आहे, जगभरातला एका साच्यात देतं. पुण्यात आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची 'सफर' यंत्रणा २०१३ पासून आहे, तिचा अंदाज उपयोगी पडतो, उद्या हवा कशी असेल हे सांगणं आत्ता कशी आहे यापेक्षा कामाचं, कारण उद्याचं ठरवता येतं.

सेन्सरचं जरा सविस्तर सांगते कारण इथे मी स्वतः ठेच खाल्लीय. हे स्वस्तातले सेन्सर प्रकाश टाकून कणांवरून तो किती विखुरतो ते बघतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सरला वाटतं धूर वाढला. पावसाळ्यात, किंवा हिवाळ्यात पहाटे धुकं असताना, आकडा बघून घाबरायला होतं. म्हणून आर्द्रता मोजणारा सेन्सर शेजारी हवाच, आणि जमलं तर सरकारी केंद्राजवळ काही आठवडे लावून किती फरक येतो ते बघून दुरुस्ती करायची. एवढं सगळं करून पण अ‍ॅपमध्ये "१४७" असा ताठ आकडा दाखवू नका, पट्टा दाखवा, कमी, बरा, जास्त.

आमचा एक सेन्सर सहकाऱ्याच्या गॅलरीत होता. रोज संध्याकाळी सात वाजता आकडा एकदम वर जायचा, पंधरा-वीस मिनिटांनी खाली. आम्ही आठवडाभर कोड तपासला, वायर बदलली, रस्त्यावरची गर्दी सातला वाढते म्हणून एक सिद्धांत पण मांडला. शेवटी तो एकदा सातला घरी होता तेव्हा कळलं, खालच्या मजल्यावरच्या काकू तुळशीपाशी उदबत्ती आणि धूप लावायच्या आणि तो सरळ वर यायचा. सेन्सर बरोबरच होता! फक्त तो आमच्या एरियाची हवा म्हणून जे सांगत होता ती एका गॅलरीची हवा होती. मशीन सावलीत, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब, आणि एकाऐवजी तीन ठिकाणी लावा.

लोक सायकलने गेले की गाडीने हे फोनवरून आपोआप ओळखायचं डोक्यात असेल तर, अँड्रॉईडमध्ये सोय आहे पण ती फक्त "वाहनात" एवढंच सांगते, पीएमपीएमएलची बस आणि एकट्याने चालवलेली कार तिला सारखीच. ट्रॅफिकमध्ये रांगणारी स्कूटी आमच्याकडे बऱ्याचदा सायकल म्हणून नोंदली गेली. शिवाय बॅकग्राउंड लोकेशनची (अ‍ॅप उघडं नसतानाही माणूस कुठे आहे ते बघण्याची) परवानगी अँड्रॉईड ११ पासून सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते, ती फार कमी लोक देतात आणि का द्यावी, त्यातून घर कुठे ऑफिस कुठे सगळं कळतं. आम्ही ते काढून टाकलं आणि सरळ विचारायला लागलो, रात्री नऊला एक प्रश्न, आज जवळच्या कामाला गाडी काढली का, हो किंवा नाही. लोक खोटं सांगतील? सांगतील थोडे. पण बक्षीसच नाही तर खोटं सांगून मिळतंय काय.

आम्ही कोथरूडच्या तीन सोसायट्यांनी मिळून अ‍ॅप केलं आणि त्यात "धूर दिसला, फोटो काढा" असं बटण दिलं. तक्रारी खूप येतात पण आमच्यातच भांडणं व्हायला लागली आहेत. काय चुकतंय?

तुमचा प्रश्न वाचून मला अंगावर काटा आला, कारण हे आमच्याकडे अगदी असंच झालंय.

आमच्या बटणाचे पहिल्या थंडीतले फोटो मी एका रविवारी सगळे ओळीने बघत बसले. जवळपास सगळे पहाटे पाच ते सातमधले. आणि जवळपास सगळ्यांत एकच चित्र, वॉचमनकाका, कानटोपी, समोर शेकोटी. शेकोटीत पालापाचोळा, खोक्यांचे पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या, एका फोटोत तुटकी प्लास्टिकची खुर्ची. किंवा मग झाडणाऱ्या मावशी आणि पाल्याचा पेटवलेला ढीग. ज्यांच्याकडे गाडी नाही, एसी नाही, ज्यांच्यामुळे शहराच्या हवेत फार थोडी भर पडते, त्यांचेच फोटो आमच्या अ‍ॅपमध्ये भरले होते, आणि एका सोसायटीने तर त्या फोटोवरून एका वॉचमनला काढून टाकलं. ते कळलं त्या दिवशी आम्ही बटण बंद केलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहेच, राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये साध्या प्रकाराला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला २५ हजार दंड सांगितलाय. आणि जळत्या प्लास्टिकचा धूर सगळ्यात आधी त्या काकांच्याच छातीत जातो, त्यामुळे ती शेकोटी विझायला हवी यात वाद नाही. पण ते रात्रभर आठ-दहा डिग्रीत बसलेत, मजा म्हणून पेटवत नाहीत. दिल्लीत थंडीत सोसायट्यांना सांगतात की पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्या म्हणजे शेकोटी लागणार नाही, आम्ही तेच उचललं. बटण पुन्हा सुरू केलं ते वेगळ्या शब्दांत, "इथे शेकोटी लागतेय, काय हवंय?" आणि खाली तीन पर्याय, हीटर, जाड कांबळं, बंद केबिन. फोटोत माणूस घ्यायचाच नाही, जागा फक्त. पाल्यासाठी चौथा पर्याय, कंपोस्टचा खड्डा किंवा जाळीचा पिंजरा, कारण मावशींना पाला टाकायला जागाच नसते आणि घंटागाडी तो घेत नाही, मग काय करणार त्या? तक्रार सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाते, वॉचमनकडे नाही. पहिल्या महिन्यात अकरा ठिकाणी हीटर आले. भांडणं पण थांबली, कारण आता फोटो काढणाऱ्याने वर्गणी पण काढायची असते.

मी कोल्हापुरात शिक्षिका आहे. शाळा सुटताना गेटवर पालकांच्या गाड्या चालू ठेवून उभ्या असतात. मुलांकडून अ‍ॅपमध्ये नोंदी करून घेता येतील का?

मॅडम, मुलांच्या फोनवर नको. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो, पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायलाही मनाई आहे. कशाला त्या भानगडीत. नोंदी वर्गाच्या करा, नावाशिवाय. आज किती जण चालत, सायकलने, रिक्षाकाकांबरोबर आले, हात वर करा, आकडा मॅडमच्या फोनवरून एकदाच भरायचा.

गेटवरच्या गाड्या मोजायला मुलांना गेटपाशी उभं करू नका, त्यांची उंची गाडीच्या सायलेन्सरच्या जवळ असते. पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यातून मोजू दे, सुटायच्या आधी दहा मिनिटं, किती गाड्यांचं इंजिन चालू. आणि पालकांना मेसेज शाळा सुटल्यावर पाठवून उपयोग नाही, गाडी उभी करायच्या पाच मिनिटं आधी पोचला पाहिजे. "आज व्हरांड्यातून मुलं बघतायत, गाडी बंद कराल ना?" एवढंच. दिल्लीने ऑक्टोबर २०२० मध्ये "रेड लाईट ऑन, गाडी ऑफ" अशी मोहीम काढली होती, सगळ्या लांबलचक सल्ल्यांत मला ही का आवडते तर त्यात वेळ आणि कृती दोन्ही आहेत, लाल दिवा दिसला की हात किल्लीकडे.

मुंबईत उपनगरात राहतो, वय ७१, दमा आहे. समोर टॉवरचं काम चालू, दिवसभर धूळ. मी लिफ्ट न वापरण्याने आणि तुमच्या अ‍ॅपने काय होणार, सांगा बघू.

काका, तुमच्या धुळीचं काही होणार नाही, खरंच सांगते. आणि तुम्ही जिने चढून दमू नका.

बांधकामाची धूळ, रस्त्यावरची उडणारी धूळ, कारखाने, ट्रक, हे सवयींनी सुटणारे प्रश्न नाहीत, आणि जे अ‍ॅप तसं भासवतं ते माझ्या मते लोकांचं नुकसान करतं. केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये आला, त्यात महाराष्ट्रातली डझनापेक्षा जास्त शहरं आहेत, मुंबई पण. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले, भोवती उंच पत्रे, पाण्याचे फवारे, राडारोडा झाकून न्यायचा, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुवायची. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, पुढे जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस वगैरे स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. नियम आहेत. तुमच्या समोर ते पाळले जातायत का हे तुम्हाला गॅलरीतून दिसतं, ऑफिसात बसलेल्या माणसाला नाही.

म्हणून आम्ही अ‍ॅपला दुसरं दार केलं. त्यात वरचीच चार कलमं प्रश्न म्हणून आहेत, पत्रे आहेत का, पाणी मारतात का, ट्रक झाकलेला होता का, चाकं धुतात का. आठवडाभर रोज एकदा हो-नाही करायचं, शेवटी तारखांसकट एक पानी पत्र तयार होतं, ते वॉर्ड ऑफिसला द्यायचं. "खूप धूळ आहे" या तक्रारीला उत्तर मिळत नाही, "सात दिवसांपैकी सहा दिवस फवारे बंद होते" याला द्यावं लागतं. अ‍ॅप नसलं तरी वहीत हेच करता येईल. आणि तोपर्यंत त्या बाजूच्या खिडक्या कामाच्या वेळेत बंद, पंप जवळ, डॉक्टरांना या धुळीबद्दल नीट सांगून ठेवा.

मी छत्रपती संभाजीनगरला कंटेंट लिहिते. अ‍ॅपमधलं मराठी फार सरकारी वाटतं. "वायू गुणवत्ता निर्देशांक" ऐवजी काय लिहू?

"हवा" लिही ना! "आज हवा कशी?" याच्यापुढे निर्देशांक कशाला.

पण तुला खरी अडचण पुढे येणार आहे, श्रेणींच्या नावांत. आपल्या एक्यूआयमध्ये १०१ ते २०० ला "मध्यम" म्हणतात. मध्यम म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं, ठीकठाक, चालतंय. आणि त्याच श्रेणीपुढे सरकारी तक्त्यात लिहिलंय की दमा, फुफ्फुसाचे आजार असलेल्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो, हृदयविकार असलेल्यांना, मुलांना, वयस्कांना अस्वस्थ वाटू शकतं. कुठे मध्यम आहे हे? आम्ही श्रेणीचं नाव लहान अक्षरात ठेवलं आणि मोठ्या अक्षरात कोणी काय करायचं ते. "आज हवा जड आहे. आजी-आजोबांचा फेरफटका सकाळी सहाऐवजी ऊन पडल्यावर." हे एक वाक्य आमच्याकडे सगळ्यात जास्त पुढे पाठवलं गेलं, कारण त्यात घरातलं कोणीतरी होतं. थंडीत पहाटे धूर खाली बसलेला असतो, ऊन चढलं की वर उठतो, हे त्या निमित्ताने लोकांना कळलं पण.

"तुम्ही प्रदूषण करताय" असं दोष देणारं एकही वाक्य ठेवू नकोस. "करावे", "टाळावे" काढून टाक. आणि एकदा मोठ्याने वाचून बघ, आपण शेजारच्या मावशींना असं म्हणू का? नसू म्हणत तर बदल.

मी साताऱ्याला नववीत आहे. मला कोडिंग येत नाही. पण मला हे अ‍ॅप करायचंय. कसं करू?

कागदावर कर. मस्करी नाही करत, आमचं दुसरं व्हर्जन आम्ही आधी कागदावरच केलं होतं आणि तेच टिकलं. तुझ्या इमारतीतली किंवा आळीतली पाच घरं निवड, जी तुला नाही म्हणणार नाहीत. एकच सवय घ्या, समज दुकानात जाताना गाडी काढायची नाही. चौकोनी खणांचा एक कागद, पाच ओळी, चौदा दिवस. केलं तर टिंब, नाही केलं तर रिकामं, ओरडायचं नाही कोणाला. चौदा दिवसांनी प्रत्येकाला एकच विचार, ज्या दिवशी गाडी काढली त्या दिवशी काय झालं होतं? उशीर झाला होता, सामान जड होतं, पाय दुखत होते, कुत्री अंगावर येतात, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दात लिहून घे. ती उत्तरं म्हणजे तुझं अ‍ॅप, त्यावरून काय बनवायचं ते कळेल, कोडिंग करणारा मित्र नंतर भेटेल.

आणि कागद आतल्या खोलीत नको, बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला लाव, चपला घालताना दिसला पाहिजे, कारण गाडीची किल्ली उचलायची की नाही हे तिथेच ठरतं. पेन दोरीने बांधून ठेव, नाहीतर दुसऱ्या दिवशी सापडत नाही.